जावई अदरमध्ये टाका

सोन्याच्या दुकानात गिऱ्हाईक एकटं कधी येत नाही. अंगठी एक आणि माणसं पाच, त्यात घालणारा वेगळा, पसंत करणारी वेगळी, पैसे देणारा तिसराच, एक मावशी फक्त "मजुरी जास्त लावलीय" म्हणायला आणि एक जण नुसता एसीत बसायला. नाशकात सराफ बाजारात आमच्या दुकानात हे वर्षानुवर्षं असंच चाललंय, आणि या पाचांत कोण कुणाचा कोण हे शेठच्या आईंना, आम्ही त्यांना मोठ्या बाई म्हणतो, तोंडपाठ असतं. सगळं सुरळीत होतं. मग शेठच्या चिरंजीवांनी सॉफ्टवेअर आणलं. गिऱ्हाइकांचा डेटाबेस म्हणे. घरात कोण कोण, वाढदिवस कधी, लग्नाचा वाढदिवस कधी, सगळं भरून ठेवायचं, मग मेसेज आपोआप जातात आणि एका घरातली नावं जोडली की सगळ्यांचे पॉइंट एकत्र होतात. आता हे भरणार कोण, तर हिशोबाला बसतो तो, म्हणजे मी.

नात्यांची यादी उघडली. फादर, मदर, स्पाउस, सन, डॉटर, ब्रदर, सिस्टर, अदर. संपली. जावई अदर, सून अदर, नणंद अदर, साडू अदर. लग्नसराईत ज्यांच्या जिवावर दुकान चालतं ती सगळी मंडळी अदर! विहीणबाईंसमोर अदर म्हणायची छाती आहे का कुणाची?

त्यात लिंगाचा रकाना आधीच 'मेल' करून ठेवलेला, बदललं नाही तर तसाच जातो. काउंटरवरची पोरं गर्दीत कशाला बदलतायत. पहिला रिपोर्ट निघाला तो असा की आपल्याकडून ठुशी, पाटल्या आणि जोडवी घेणारे बहुतेक सगळे पुरुष आहेत. शेठ गंभीर झाले, गालावर बोट ठेवून म्हणाले, "मग आपण जेन्टस् ब्रेसलेट कमी ठेवतोय की काय?"

सपोर्टला एक पोरगा आहे पुण्याचा, स्वभावानं गरीब, प्रत्येक वाक्याला सर. त्यानं समजावलं की सर, आत नोंद एकच असते आणि तिला दोन टोकं असतात, इकडे फादर भरलं की तिकडे सन नाहीतर डॉटर आपोआप येतं, ते ठरतं समोरच्याच्या लिंगावरून. म्हणजे लिंग चुकलं की दोन्ही टोकांनी बोंब. सिन्नरच्या एका मुलीला त्यामुळे दोन वडील होते. मशीनला चाललं. पिनकोडात एक आकडा कमी पडला तर मात्र लालेलाल होतं.

मोबाईलची तर वेगळीच तऱ्हा, एका नंबरावर एकच माणूस. नाशिकरोडच्या एका आजींनी नातवाचा नंबर दिला, कारण त्यांच्या घरी फोन बघतो तो, आणि नातवानं स्वतःसाठी पण तोच दिला. मशीन म्हणालं डुप्लिकेट सापडलाय, मर्ज करू? पोरानं यस दाबलं. आता आमच्या दप्तरी आजी पुरुष आहेत, जन्म २००१ चा आणि लग्न १९६८ सालचं.

तारखांचं विचारूच नका. १ जूनला तर निम्म्या जिल्ह्याचा वाढदिवस, शाळेत घालताना गुरुजींनी जी टाकली ती. परवा एका बाळाला वाळे घेतले, नाव सांगितलं सरकारी पद्धतीनं, १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांना आता तसंच लावतात ना, आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. मशीनला खण तीनच, आणि मधल्या खणात जे येईल ते वडील असं त्यानं ठरवून टाकलेलं. झाली आई वडील.

शेवटी मी हट्टानं मराठी नाती घालून घेतली. काकू, मामी, जाऊ, भाचेसून, सगळी. आणि खरा गोंधळ तिथून सुरू झाला, कारण दोन माणसांत नातं एकच असणार हा नियम काही त्याला बदलता येईना. ओझरच्या ताई आल्या, त्यांना आत्याच्याच घरी दिलेलं. म्हटलं ताई, मशीन एकच घेतंय, सासू लिहू की आत्या? त्या म्हणाल्या, "आत्याच लिहा. सासू मी तिला फक्त भांडताना म्हणते." त्यानंतर एक साटंलोटं झालेलं कुटुंब आलं, नणंद तीच वहिनी, तेव्हा मी सरळ चहा प्यायला गेलो.

मी चहाला गेलो की काहीतरी होतंच. द्राक्षं चांगली गेली म्हणून निफाडचे एक दादा नथ घ्यायला आले. पोरानं विचारलं कुणासाठी, ते म्हणाले आईसाठी. आईंचं नाव? "सप्तशृंगी." पोरानं भक्तिभावानं नाही, नुसतंच भरलं. जन्मतारीख सक्तीची, म्हणून मशीन घेईल ती सगळ्यात जुनी टाकली, १ जानेवारी १९००. नव्या वर्षाला सकाळी सकाळी मेसेज गेला, आदरणीय सप्तशृंगीजी, वाढदिवसाच्या शुभेच्छा, आज मजुरीवर खास सूट. दादांचा फोन आला तेव्हा मला घाम फुटला. तर ते म्हणाले, "सूट आजच्यापुरतीच का? चांदीची छत्री पण राहिलीय गडावर वाहायची."

सपोर्टवाल्यानं मध्ये एक यादी पाठवली, लिंगाचे कोड म्हणे जगात ठरलेले असतात, आयएसओ ५२१८, त्यात ० म्हणजे माहीत नाही, १ पुरुष, २ स्त्री आणि ९ म्हणजे लागू नाही. मित्रमंडळं, पतसंस्था ९. शेठनी विचारलं महिला बचत गट कितीवर, तो म्हणाला बघून सांगतो सर, अजून बघतोय.

या आकड्यांत आमच्या एका ताई कुठेच बसत नाहीत. तृतीयपंथी आहेत, दर दसऱ्याला पैंजण नाहीतर बुगडी, पैसे रोख, घासाघीस नाही. सुप्रीम कोर्टानं एप्रिल २०१४ मध्येच तृतीयपंथी म्हणून वेगळी नोंद मान्य केली, पण कोडाच्या यादीत खण नाही. आमच्या मशीनमध्ये 'अदर' होतं ते लावलं. त्या म्हणाल्या तिथं काय ठेवायचं ते ठेवा, भिशीला वारस म्हणून माझ्या चेलीचं नाव लागलं पाहिजे. आमच्या एवढ्या लांबलचक यादीत गुरू नव्हताच. मी माऊस वरखाली करत बसलो तशा मोठ्या बाई गादीवरून म्हणाल्या, "लेक लिही की रे." डॉटर लिहिलं. दुसऱ्या टोकाला आई टाकावी की बाप हे मशीनला ठरवता येईना, म्हणून त्यानं आपलं आपण 'पॅरेंट' टाकलं. एवढी एकच नोंद त्यानं मला न विचारता बरोबर केलीय.

आता ताजं प्रकरण. दोन सख्खे भाऊ, बांधावरून कोर्टात. आडनाव एक, पत्ता एक, म्हणून मशीननं दोघांना एका घरात घातलं आणि धाकट्यानं थोरल्याच्या पॉइंटवर बायकोला ठुशी घेतली. थोरले दुकानात येऊन जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. शेठनी तिथल्या तिथे सपोर्टला फोन लावला, स्पीकरवर, की एक नवीन रकाना पाहिजे, कुणाचं कुणाशी बोलणं आहे की नाही.

"चालेल सर, यस-नो ठेवतो."

मोठ्या बाई गादीवरून ओरडल्या, "दोन खणांत नाही भागायचं बाबा. तिसरा ठेव, लग्नापुरतं."