यादवीत उडी घेण्यापूर्वी

स्कायरिम या व्हिडिओ गेममध्ये, साम्राज्य आणि बंडखोर यांच्या यादवीत, नवीनच पाऊल टाकले असेल, तर पहिली सूचना: विचार करू नका. विचार बाजू ठरल्यावर करायचा असतो, आणि तोही आपल्या बाजूला पुरेल एवढाच.

हे अनुभवाचे बोल आहेत. फोंड्याजवळच्या आमच्या वडिलोपार्जित घरात ही यादवी दर चवथीला नव्याने पेटते. खाली घुमट आरती संपते, नेवऱ्यांचा डबा माडीवर येतो आणि एका लॅपटॉपभोवती पाच भाऊ बसतात, दोन आतेकडचे, बाकी घरचे. गेम आला २०११ च्या नोव्हेंबरात. आता त्यातल्या दोघांची पोरे शाळेत जातात, पण बंडखोरांचा पुढारी उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक देशभक्त की खुनी, याचा निकाल अजून लागलेला नाही. एका वर्षी तर 'थाल्मोरचा (म्हणजे खेळातल्या टोकदार कानांच्या एल्फांच्या राजवटीचा) दलाल' म्हटल्यावरून धरलेला अबोला थेट शिमग्यापर्यंत टिकला.

तर बाजू कशी निवडावी? फार सोपे आहे. गेम सुरू होतो तेव्हा तुम्ही हात बांधलेल्या अवस्थेत घोडागाडीत असता. सरहद्दीवर साम्राज्याच्या सैन्याने बंडखोरांना पकडले, त्यांच्याबरोबर तुम्हालाही उचलले. हेल्गन गावात गाडी थांबते. हॅडवार नावाचा सैनिक यादी घेऊन उभा असतो आणि तुमचे नाव यादीत सापडत नाही. आपल्याकडच्या कचेरीत नाव यादीत नसले की 'सोमवारी या' म्हणतात. इथे कॅप्टनबाई म्हणतात, यादी राहू दे, याला शिरच्छेदाच्या ओंडक्याकडे ने. हॅडवारला मात्र मनापासून वाईट वाटते. एवढ्यात आकाशातून ड्रॅगन येतो, गाव पेटते, आणि त्या धुरात दोघे जण तुम्हाला हाका मारतात: एकीकडे हॅडवार, दुसरीकडे बंडखोरांचा रॅलोफ. ज्याच्या मागून आत शिराल, तो तुमच्या हाताची दोरी कापतो. ती दोरी ज्याने कापली, त्याची विचारधारा ती आपली. यापलीकडे राजकीय अभ्यासाची गरज नाही.

पुढे दोन्ही वाटा रिव्हरवूड या एकाच गावात येतात. हॅडवारचा काका तिथला लोहार, रॅलोफची बहीण लाकडाच्या गिरणीची मालकीण. दोघेही पाहुणचार करतात, वाटखर्चाला काही ना काही देतात, आणि जाताना निरोपही एकच देतात: व्हाइटरनच्या यार्लला, म्हणजे तिथल्या सरदाराला, जाऊन ड्रॅगनचे सांग. म्हणजे साम्राज्य की स्वातंत्र्य हा महाप्रश्न मुळात लोहाराच्या पडवीत बसायचे की गिरणीवालीच्या, एवढाच आहे. आपल्या वाड्यावरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

निदान आमच्या आजीला तरी लागले नसते. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, वेगळे राहायचे असेल तर दोन पाने. दोन पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. आजोबा कट्टर फूलवाले, घरात मराठी पुस्तकांची दोन कपाटे. आजीचे मत अर्थातच त्यांच्याबरोबर, असे सगळे धरून चालले. आजोबा गेल्यावर तिने एकदा फणसाचे गरे काढता काढता सहज सांगितले, की तिने दोन पानांवर शिक्का मारला होता. का? तर फुलवाले यायचे ते पडवीत आजोबांशी बोलून, तिच्या हातचा चहा पिऊन जायचे. दोन पानांवाला एक जण मागीलदारी आला होता, तिला मावशी म्हणाला होता आणि विहिरीवरची कळशी उचलून त्याने आत ठेवली होती. दोरी कुणी कापली ते बघा, असे मी म्हणतो ते उगाच नव्हे.

बाजू ठरली? आता तत्त्वे शोधायला लागा.

उल्फ्रिकचे झाला असाल, तर तुमचा मुद्दा धर्मस्वातंत्र्याचा. गेमच्या कथेतल्या महायुद्धात एल्फांकडून मार खाऊन साम्राज्याने तह केला आणि त्यात टालोस देवाची पूजा बंद करून घेतली. हे ठासून सांगा, आवाज चढवून सांगा. मात्र टालोस म्हणजे मूळचा टायबर सेप्टिम, ज्याने हे साम्राज्य उभे केले तोच, हे मध्ये आणू नका. साम्राज्याने आपल्याच मूळ पुरुषाचा देव्हारा बंद केला आणि बंडखोर त्याच पुरुषाचे नाव घेऊन त्याचे साम्राज्य मोडायला निघाले, असे एका वाक्यात म्हटले की समोरच्याला हसू येते. हसणाऱ्याशी भांडण रंगत नाही.

स्कायरिमचा राजा टोरिग याचा विषय निघाला की शब्द जपून वापरा. तुम्ही निळे, म्हणजे बंडखोर, असाल तर ते 'द्वंद्व'; लाल, म्हणजे साम्राज्याचे, असाल तर 'खून'. घडले एवढेच, की उल्फ्रिकने तरुण राजाला आव्हान दिले आणि नुसत्या गर्जनेने त्याला आडवा केला. गर्जनेने माणूस पाडायचा प्रयत्न आमच्या ग्रामसभेत दर वेळी होतो, अजून कुणाला जमलेला नाही.

विंडहेल्ममध्ये फिरायला जाऊ नका. ही उल्फ्रिकची राजधानी. तिथे डार्क एल्फ निर्वासितांना एका कोंदट मोहल्ल्यात ठेवले आहे आणि आर्गोनियन, म्हणजे सरड्याच्या तोंडाचे लोक, धक्क्यावर माल उचलतात. त्यांना शहरात राहायची बंदी आहे. गंमत पुढेच आहे. तुम्ही स्वतः आर्गोनियन म्हणून खेळत असलात, तरी उल्फ्रिकची फौज तुम्हाला भरती करून घेते. स्कायरिम नॉर्डांचेच, म्हणजे तिथल्या भूमिपुत्रांचेच, असे म्हणत तुम्ही किल्ल्यामागून किल्ला जिंकून द्यायचा, आणि तुमचे जातभाई वेशीबाहेर पोती वाहणार. हे अतिरंजित वाटत असेल, तर आमच्या भागातले एक गृहस्थ दाखवतो. 'भायल्यांना (बाहेरच्यांना) हाकला' ही घोषणा त्यांच्याइतकी खणखणीत कुणी देत नाही. मागच्या अंगणात त्यांनी सहा खोल्या बांधल्या आहेत. सहाही भाड्याने, सहांतही भायले. डिपॉझिट वेगळे.

साम्राज्याकडचे असाल तर काम हलके. 'व्यवहार बघा' एवढे म्हणत राहायचे. नाव यादीत नसताना मान उडवायला निघाले होते ते हेच, याची आठवण कुणी दिली तर 'तो खालच्या पातळीवरचा प्रकार होता' म्हणावे.

आता पक्षांतर. दोन्ही फौजा तुमच्याकडून निष्ठेची शपथ घेतात आणि मग एक प्राचीन मुकुट शोधायला पाठवतात. मुकुट हाती लागला, की तो आपल्या सेनापतीऐवजी उचलून समोरच्याला नेऊन देता येतो. शपथ तिथेच नवी होते, कुणी भुवईसुद्धा उंचावत नाही. या विद्येत गोमंतकीयांना कुणी शिकवावे असे नाही. २०१९ च्या जुलैत काँग्रेसचे १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. म्हणून २०२२ च्या निवडणुकीआधी काँग्रेसने उमेदवारांना देऊळ, चर्च आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी नेऊन शपथ घ्यायला लावली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. गेम करणाऱ्यांनी मुकुटानंतर लवकरच हा दरवाजा बंद केला आहे. परदेशी लोक, अनुभव कमी.

एक कागद मात्र चुकूनही वाचू नका. थाल्मोरच्या वकिलातीत उल्फ्रिकच्या नावाची एक फाइल सापडते. तिच्यात लिहिले आहे, की उल्फ्रिक युद्धात त्यांच्या कैदेत होता आणि त्यांना तो अजूनही उपयोगाचा वाटतो. पण त्याने जिंकावे, असेही त्यांना नको आहे. लढाई लांबावी, दोन्ही बाजू झिजाव्यात, एवढेच हवे. धाकट्या आतेभावाने एका चवथीच्या रात्री हे मोठ्याने वाचून दाखवले. माडीवर चांगली पाच मिनिटे शांतता पसरली, नेवऱ्या चावल्याचा आवाज तेवढा येत होता. मग मोठा भाऊ म्हणाला, "ही फाइल साम्राज्यानेच घुसडली असणार." सगळ्यांच्या जिवात जीव आला. रात्री दोनपर्यंत भांडलो.

राहता राहिले तटस्थ. तुम्ही कुणाकडेच गेला नाहीत, तर ही यादवी हलत नाही. साम्राज्याचा जनरल टुलियस सॉलिट्यूड शहरात नकाशावर ओणवा, उल्फ्रिक विंडहेल्मच्या सिंहासनावर रेललेला, सैनिक रानातल्या तंबूंबाहेर उभे. तुम्ही दोन वर्षे कोबी विका, लग्न करा, घर बांधा, ते तसेच तुमची वाट बघत राहतात. माझा खेळ २०१२ पासून असाच पडून आहे. भाऊ मला पळपुटा म्हणतात. खरे कारण असे, की हेल्गनमध्ये कुणामागून जायचे ठरवत असतानाच वीज गेली. परत आली तेव्हा माउस आजीच्या हातात होता आणि ती विचारत होती, "या दोघांतला जेवून कोण आलाय?"