दरबारी: ५२, ५१, ५२, ५१

"मामा, तू फक्त गा," भाचा म्हणाला. "कॉम्प्युटर त्याचं मिडी करेल. मग त्यावर सनई लाव, सतार लाव, काय हवं ते." पंधरा वर्षं शिकूनही ज्याला सोसायटीच्या गणपतीत दुसऱ्यांदा गायला बोलावलं नाही, त्याला आणखी काय हवं?

मिडी म्हणजे १९८३ पासून वाद्यं एकमेकांशी बोलतात ती भाषा. तिच्यात आवाज नसतोच. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढीच चिठ्ठी. स्वर एकूण १२८, शून्यापासून १२७ पर्यंत. पेटीवरच्या काळी एकचा माझा सा तिथे ४९ नंबरचा निघाला.

दरबारी राग लावला. त्यातल्या कोमल गंधारावर आमचे गुरुजी अख्खा पावसाळा बसले होते. "पेटीसारखा दाबू नकोस, झुलव!" झुलवला. पडद्यावर कोमल गंधार आणि त्याच्या खालची पट्टी आलटून पालटून उमटली: ५२, ५१, ५२, ५१, ५२, ५१. एका आलापाचे चौतीस तुकडे. सनईवर ऐकलं तर जणू कुरियरवाला चिडून बेल दाबतोय.

"तुझा सूर हलतोय," भाचा म्हणाला.

"तो हलायलाच हवा!"

मग त्याने पिच बेंड सुरू केलं. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागा त्यातून पाठवता येतात, तब्बल १६,३८४ पायऱ्यांनी. मी हरखलो. पण वाद्याची नेहमीची मुभा वर दोन पट्ट्या, खाली दोन पट्ट्या. माझी मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, पंचमावरून निघून त्या मुभेच्या पलीकडे गेली आणि मध्येच जिन्यावरून पाय घसरल्यासारखी धपकन खाली आली. मुभा वाढवता येते म्हणे. भाचा ते बटण अजून शोधतोय.

'स'चा घोळ वेगळाच. 'सा' म्हणताना आधी नुसती हवा सुटते, तिला सूर नसतो. हे बिचारं यंत्र तरी अंदाज बांधतंच. त्यामुळे माझ्या प्रत्येक षड्जाआधी सनई एकदा किंचाळायची. "नुसत्या 'आ'कारात गा," असा हुकूम सुटला.

खर्जात तर अब्रूच गेली. मंद्र षड्जाची, म्हणजे खालच्या सप्तकातल्या 'सा'ची, एक लहर म्हणजे सुमारे १४ मिलिसेकंद. सूर ओळखायला निदान दोन लहरी तरी ऐकाव्या लागतात, म्हणून उत्तर उशिरा येतं. शिवाय लॅपटॉपच्या माइकला मूळ सुरापेक्षा त्याचा दुपटीतला उपस्वर मोठा ऐकू येतो. मी पोटातून, डोळे मिटून खर्ज लावला आणि तिकडे सनईने तो एक सप्तक वर वाजवला. रियाजाची पंधरा वर्षं क्षणात शिशुवर्गात.

इतक्यात बायकोने स्वयंपाकघरात चटणीसाठी मिक्सर लावला. पडद्यावर एक सरळ, लांबलचक पट्टी उमटली. ना थरथर, ना तुकडा. हेडफोनमध्ये अशी काही सनई लागली की अंगावर काटा आला.

"मामा, हा सूर बघ!" भाचा ओरडला. "असा लाव!"

मिक्सर थांबला. बायको हात पुसत दाराशी आली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा दोनवर होता. तीनवर पंचम लागतो का बघू?"