लातूरला खायला काय आहे? आधी गोलाईत या, मग बोलू

पुण्या-मुंबईची माणसं "लातूरला खायला काय मिळतं?" असं विचारतात, ते समजू शकते. त्यांनी लातूर पाहिलेलं नसतं. पण इथंच दहावी-बारावी करून बाहेर गेलेली आपली पोरं सुट्टीला येतात, एसी हॉटेलात बसून पनीर मागवतात आणि "गावात खायला काहीच नाही" म्हणतात, तेव्हा जिवाला लागतं. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

माझं माहेर गोलाईजवळचं, म्हणजे लातूरच्या मुख्य बाजारपेठेजवळचं. वडिलांचं भुसार मालाचं दुकान होतं, त्यामुळे गोलाईतलं खाणं मी पाहुण्यासारखं कधी खाल्लं नाही. दुकानात माणसं आली की पोह्याच्या प्लेटा यायच्या, चहा यायचा, आणि लहान असले तरी माझीही एक प्लेट त्यात असायची. माझं म्हणणं साधं आहे. लातूरचं खरं खाणं गोलाईच्या आसपास आहे, आणि ते बाजाराला आलेल्या माणसासाठी तयार झालेलं आहे. त्या माणसाची भूक डोळ्यांपुढे आणली की इथली प्रत्येक चव कळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गंजगोलाई म्हणजे मध्ये अंबाबाईचं देऊळ, भोवती गोल इमारत, आणि त्या गोलाला येऊन मिळणारे १६ रस्ते. सोनं, कापड, चपला, मिरची, गूळ, भांडी, सगळं याच रस्त्यांवर. लग्नाचा बस्ता बांधायला आलेलं कुटुंब असो की मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, सोयाबीन घालून पैशांची पट्टी घेऊन आलेला शेतकरी, सगळे इथं येतात. औशाकडून, रेणापूरकडून, निलंग्याकडून पहिल्या एसटीनं निघालेला माणूस पोहोचतो तेव्हा त्याच्या पोटात पहाटेच्या चहाशिवाय काही नसतं. त्याला लगेच हवं, गरम हवं, तिखट हवं आणि खिशाला परवडणारं हवं. चव कमी पडली तर तो पुढच्या बाजारी दुसऱ्या गाड्यावर जातो. गोलाईच्या गाड्यांची परीक्षा त्याच्या हातात असते, आणि माझ्या मते ती कुठल्याही ऑनलाइन रेटिंगपेक्षा कडक आहे.

सकाळी इथं सुशीला खा, म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणीचा नाश्ता. पोहे सगळीकडे मिळतात. सुशीला मराठवाड्याबाहेर सहसा मिळत नाही. माझ्या आवडीच्या गाड्यावर एक मावशी ती करतात आणि ते बघत उभं राहायला मला अजून आवडतं. मुरमुरे पाण्यात बुडवतात आणि लगेच बाहेर काढून दोन्ही तळव्यांत दाबतात. जास्त वेळ राहिले तर लगदा, कमी राहिले तर कोरडे. तो अंदाज सगळा हातात. कढईत मोहरी-जिरं, भरपूर हिरवी मिरची, शेंगदाणे, कांदा, हळद. त्यावर मुरमुरे पडले की डाळव्याचं कूट भुरभुरतात, त्यानं राहिलेलं पाणी शोषलं जातं आणि प्रत्येक मुरमुऱ्याला चव धरते. वर मूठभर कोथिंबीर, लिंबाची फोड. गर्दी कितीही असो, आधीची थंड झालेली सुशीला मावशी गिऱ्हाइकाच्या हातात देत नाहीत. "थांबा की मामा, गरम काढलाले," म्हणतात, आणि मामा थांबतात.

त्याच ओळीत पुढे आलूबोंडा आणि भजे. भज्यांबरोबर तळलेली मिरची मिठात घोळवून मिळते. काही जण कढी देतात. कढी देणारा सापडला तर त्याला सोडू नका. पावसाळ्यात संध्याकाळी ही कढी वाटीनं पितात.

दुपारचं जेवण मात्र खानावळीतच. मांसाहार करणाऱ्यांना मी मटणाच्या ताटाशिवाय दुसरं काही सुचवणार नाही. काळं तिखट घातलेला पातळ रस्सा, वेगळं सुकं, कांदा, लिंबू आणि ज्वारीची भाकरी. काळ्या तिखटात खोबरं, धणे, दगडफूल हे सगळं भाजून काळपट करून घेतलेलं असतं, म्हणून रस्सा दिसतो गडद, पण नुसता जाळ नसतो. तिखट जिभेवर लागण्याआधी नाकाला भाजल्या मसाल्याचा वास येतो. तसा वास आला नाही तर समजा मसाला पाकिटातला आहे.

भाकरीबद्दल मी जरा हट्टी आहे. तव्यावरून उतरून निखाऱ्यावर फुगलेली आणि पानात येईपर्यंत पापुद्रा सुटलेली, तिलाच मी भाकरी म्हणते. माझ्या माहितीतल्या एका खानावळीत दोन बायका समोरासमोर काठवटी घेऊन बसतात. एक थापते, दुसरी तव्यावर पाणी फिरवून उलटते. ऑर्डर आल्यावर पीठ मळायला घेतात, कारण ज्वारीचं मळलेलं पीठ ठेवून चालत नाही, भाकरी चिरते. त्यामुळे तिथं थांबावं लागतं. घाई असलेल्यानं तिथं जाऊ नये, असं मी मनापासून सांगते. आमच्या लहानपणी अशा खानावळीत बायका बसत नसत, बाया फक्त आत भाकरी थापायला. आता आख्खी कुटुंबं येतात, बायका निवांत हाडं फोडून खातात, याचा मला फार आनंद होतो.

शाकाहारी माणसाला लातूरमध्ये काही नाही असं कुणी म्हणालं तर त्याला साध्या आमटीची वाटी द्या. आपल्याच जिल्ह्यातल्या बोरसुरीच्या तूरडाळीला, पानचिंचोलीच्या चिंचेला आणि कास्तीच्या कोथिंबिरीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आमटीला लागतं तरी काय? डाळ, चिंच, कोथिंबीर! तिन्ही गोष्टी इथल्या मातीतल्या. शहरात डाळमिली आहेत, देशभर इथून डाळ जाते, आणि आमच्याच हॉटेलांच्या मेनूवर "दाल तडका" आणि "दाल फ्राय" सोडून काही नसतं. साधी चिंच-गुळाची आमटी, येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी, शेंगदाण्याची ओली चटणी, धपाटं आणि दही हे पहिल्या पानावर लिहायला काय अडचण आहे? हॉटेलवाल्यांना माझी हात जोडून विनंती आहे, एकदा लिहून तर बघा.

आता ट्यूशन एरिया. तो गोलाईपासून लांब नाही, पण जग वेगळं. मराठवाड्यातून आणि त्याच्याही बाहेरून नीट-जेईईसाठी आलेली पोरं, पाठीवर दप्तर, क्लासमधून क्लासमध्ये. त्यांच्यासाठी निलंगा राईसचे गाडे आहेत आणि ते मला मनापासून आवडतात. पिवळाधमक, मसालेदार, मोकळा भात, वर कच्चा कांदा आणि लिंबू. निलंग्याचा हा भात आता पुण्यातही पोहोचलाय, आपल्याच पोरांनी नेलाय. पोटभरीचा आहे, झटपट आहे, आणि घरापासून लांब असलेल्या सोळा-सतरा वर्षांच्या पोराला त्यात घरच्या मसाल्याची चव लागते. मेसवाल्यांपैकी ज्या घरगुती मेसमध्ये एक वेळ तरी भाकरी मिळते, तीच मेस आईबापांनी निवडावी. वर्षभर मैद्याच्या पोटावर पोरगं काय अभ्यास करणार?

गोडाचं थोडक्यात: बासुंदी खायची तर तुळजापूरच्या वाटेवर औसा तालुक्यातल्या उजनीला उतरा. शहरात त्याच नावानं मिळते, पण उजनीत बसून खाल्लेली वेगळी. आटवून आटवून गुलाबीसर झालेली, वेलदोड्याचा भडिमार नाही.

आणि आता जे लिहायला खरं तर बसले ते. रहदारीचा विषय निघाला की गोलाईतले गाडे सगळ्यांच्या डोळ्यांवर येतात. रस्त्यात आडव्या लावलेल्या चारचाकीला कुणी काही बोलत नाही, पण चार फुटांच्या गाड्याला "अतिक्रमण" म्हणतात. गर्दी होते, चालायला जागा नाही, हे मलाही दिसतं. मी रोज तिथूनच जाते. पण २०१४ साली केंद्राचा पथविक्रेता कायदा आला आहे. त्यात स्पष्ट आहे की, आधी विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, त्यांना प्रमाणपत्र द्यायचं, आणि ते होईपर्यंत कुणाला उठवायचं नाही. शहर विक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असले पाहिजेत आणि त्यांत एक तृतीयांश बायका. म्हणजे सुशीला करणाऱ्या मावशींना त्या टेबलावर खुर्ची मिळायला हवी, हे कायदाच सांगतो. गाड्यांना ओळीत जागा आखून द्या, पाण्याचा नळ द्या, कचऱ्याची सोय करा, झाकण नसलेल्या तेलाला दंडही करा, माझी काही हरकत नाही. पण बाजारापासून लांब कुठंतरी शेडमध्ये नेऊन बसवू नका. तिथं बाजाराला आलेला माणूस येणार नाही, आणि तो आला नाही तर हे खाणं उरणार नाही.

या लोकांनी २०१६ चा उन्हाळासुद्धा काढलाय. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. प्लेटा धुवायला पाणी नव्हतं, तर कागदावर पोहे दिले. पिण्याचं पाणी घरून घागरीनं आणलं. गिऱ्हाइकाला अर्धाच ग्लास मिळायचा, पण मिळायचा. हॉटेलं बंद पडत होती तेव्हाही सकाळच्या एसटीनं आलेल्या माणसाला इथं गरम खायला मिळत होतं. ते दिवस आठवले की गाडे हटवा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

येणार असाल तर सोयाबीनच्या हंगामात, दिवाळीच्या आगेमागे या, बाजार भरात असतो. सकाळी लवकर या, सुशीला उशिरापर्यंत शिल्लक राहत नाही. फक्त वेळ अमावस्येला, म्हणजे शेतात पूजा करून तिथंच जेवायच्या आमच्या येळवशीच्या सणाला, खाण्यासाठी गोलाईत येऊ नका. त्या दिवशी दुकानं बंद, गाडे बंद, रस्ते मोकळे, सगळं लातूर रानात असतं. भज्जी, आंबिल, उंडे, गव्हाची खीर हे त्या दिवशीचं जेवण कुठल्याही हॉटेलात विकत मिळत नाही. पण लातूरात एक जरी ओळखीचं माणूस असेल तर आदल्या दिवशी फोन करा. "उद्या शेतावर येऊ का?" एवढंच विचारा. येळवशीला "नको" म्हणणारा लातूरकर मी तरी अजून पाहिलेला नाही, आणि कुणीच नसेल ओळखीचं तर मला मेसेज करा, आमच्या शेतावर जागा आहे.