‘पोरगा मोबाईल बघत हिंडला’ या रिव्ह्यूबद्दल

सर, नमस्कार. ‘चारची वेळ देऊन पावणेसहाला आले, पोरगा दीड तास मोबाईल बघत घरभर हिंडला, ८०० रुपये घेतले आणि बेडरूममध्ये नेट आहे तसंच’ असं लिहून आपण एक स्टार दिलात. उशीर झाला ही चूक आमची. निदान फोन करायला हवा होता. माफ करा.

पण ‘मोबाईल बघत हिंडला’ हे मनाला लागलं. तो रील बघत नव्हता सर, सिग्नल मोजत होता. राउटरपाशी उणे ४२ डीबीएम (शून्याच्या जितकं जवळ, तितका सिग्नल चांगला), पॅसेजमध्ये उणे ६१, तुमच्या पलंगापाशी उणे ७९. आकडा तीनने घसरला की सिग्नलची ताकद निम्मी होते, म्हणजे पलंगापर्यंत काय उरत असेल बघा. शिवाय एका जागी उभं राहिलं तरी हा आकडा खाली-वर होतो, म्हणून प्रत्येक खोलीत तीन-तीनदा घ्यावा लागतो. वेळ जातो तो तिथे. शेजारपाजारची चौदा नेटवर्क दिसत होती, त्यातली नऊ तुमच्याच ६ नंबरच्या चॅनेलवर, म्हणजे वायफायच्या त्याच पट्ट्यावर. २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायला एकमेकांत न घुसणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्याने तुम्हाला ११ वर नेलं.

आणि केबलचं आपण लिहिलंच नाहीत! प्लॅन २०० एमबीपीएसचा, पण लॅपटॉप वायरने राउटरला जोडूनही स्पीड ९४ च्या वर जाईना. हा ९४ दिसला की आम्ही आधी केबलच बघतो. गिगाबिटला, म्हणजे १००० च्या स्पीडला, केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात. निळी किंवा तपकिरी तुटली तर बऱ्याचदा पोर्ट गुपचूप १०० वर उतरतो, नेट बंद पडत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. फायबरच्या डब्यातून येणारी आपली केबल बाल्कनीच्या सरकत्या दारात चेपली होती. बदलल्यावर १९० च्या पुढे गेलं. केबलचे पैसे लावले नाहीत.

राहिलं बेडरूम. घरातल्या गोष्टी इथे लिहू नयेत, पण विषय आपणच काढलात. राउटर टीव्हीखालच्या कपाटात पितळी समयांच्या मागे होता. पोराने तो पॅसेजच्या माळ्याजवळ लावला, तेव्हा पलंगापाशी उणे ६४ आलं. संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांचा स्क्रीनशॉट आहे. दुसऱ्या दिवशी फोनवर आपणच म्हणालात, वायर दिसते म्हणून वहिनींनी परत कपाटात ठेवला. घर तुमचं, मी काय बोलणार.

अकरा वर्षं दुकान चालवतोय. आपला रिव्ह्यू वाचून या आठवड्यात दोन कामं रद्द झाली. उशिराचं काहीतरी बघतो, आणि आकडे यापुढे कागदावर लिहून देऊ. शेजाऱ्यांचं सगळं नेट चालू असतं तेव्हा, रात्री नऊनंतर, एकदा फुकट मोजून देतो. फक्त त्या दिवशी राउटर माळ्याजवळ असू द्या. चेपलेला केबलचा तुकडा दुकानातच आहे, पाहिजे तर दाखवतो.