काखेतल्या सगळ्या ग्रंथी काढा, रेडिएशन टाळा: हा सल्ला उलटा आहे

स्तनाच्या कॅन्सरबद्दल एक मेसेज सतत फिरत असतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: काखेतल्या सगळ्या ग्रंथी (लसिका ग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड) काढल्या की कॅन्सरची पसरायची वाट बंद होते, स्तन पूर्ण काढणंच सुरक्षित, आणि रेडिएशन घेऊ नये, कारण त्याने हृदय खराब होतं आणि घरातल्या लहान मुलांनाही धोका असतो. नुकताच बायोप्सीचा रिपोर्ट हातात पडलेल्या बाईला हे वाचून काय वाटत असेल? तिच्यासाठी याचं उत्तर द्यायलाच हवं.

ग्रंथींचा मुद्दा ऐकायला सगळ्यात पटणारा, आणि तोच सगळ्यात चुकीचा. कॅन्सरच्या पेशी रक्तातूनही पसरतात, त्यांना काखेतूनच जावं लागतं असं नाही. अमेरिकेत १९७१ मध्ये सुरू झालेल्या बी-०४ या अभ्यासात, तपासताना काखेत गाठ लागत नव्हती अशा १,०७९ बायका होत्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे तीन गट केले. एका गटाच्या काखेतल्या ग्रंथी सुरुवातीलाच काढल्या, दुसऱ्याला रेडिएशन दिलं, तिसऱ्याची काख तशीच ठेवली आणि पुढे गाठ आली तरच शस्त्रक्रिया केली. २५ वर्षांनी पाहिलं तर तिन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक नव्हता.

म्हणून आता आधी सेंटिनल नोड तपासतात. स्तनात निळा रंग किंवा सौम्य किरणोत्सारी द्रव्य टोचतात, ते सगळ्यात आधी ज्या ग्रंथीत पोहोचतं तेवढ्याच, बहुधा एक ते तीन, काढून तपासायला पाठवतात. त्यात कॅन्सर सापडला तरी सगळ्या काढायच्याच असं नाही. झेड-००११ या अभ्यासात अशा १-२ ग्रंथींत कॅन्सर असलेल्या बायका होत्या. १० वर्षांनी उरलेल्या ग्रंथी काढलेल्यांपैकी ८३.६ टक्के हयात होत्या, न काढलेल्यांपैकी ८६.३ टक्के. मात्र या सगळ्यांची फक्त गाठ काढली होती आणि स्तनाला रेडिएशन द्यायचं ठरलेलं होतं. मेसेज नेमका हाच भाग गाळतो: काखेतली शस्त्रक्रिया आटोपशीर ठेवता आली, त्यात रेडिएशनचाही वाटा होता.

सगळ्या ग्रंथी काढण्याची किंमत हाताला मोजावी लागते. हात सुजून जड वाटतो, अंगठी निघेनाशी होते, बाही दंडात रुतते. साधी जखम चिघळू शकते. ही सूज अनेकींना कायमची राहते. युरोपातल्या अमारोस अभ्यासात ५ वर्षांनी ती ग्रंथी काढलेल्यांपैकी २३ टक्के जणींत होती, त्याऐवजी काखेला रेडिएशन घेतलेल्यांपैकी ११ टक्के जणींत. काखेत कॅन्सर परतण्याचं प्रमाण दोन्हीकडे २ टक्क्यांच्या आतच होतं. काखेत बऱ्याच ग्रंथी बाधित असतील किंवा केमोनंतरही कॅन्सर उरला असेल, तर मोठी शस्त्रक्रिया अजूनही लागू शकते. ते सर्जनने रिपोर्ट पाहून ठरवायचं.

स्तन पूर्ण काढणंच सुरक्षित, हेही खरं नाही. बी-०६ अभ्यासात २० वर्षांनी स्तन काढलेल्या आणि फक्त गाठ काढलेल्या बायकांच्या जगण्यात फरक नव्हता. पण गाठ काढून रेडिएशन न घेतलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींच्या त्याच स्तनात कॅन्सर परतला. घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के होतं. शिवाय गाठ मोठी असेल किंवा चार-पाच ग्रंथी बाधित असतील, तर स्तन काढूनही रेडिएशन लागतं.

मुलांना धोका? बाहेरून दिलेले किरण मशीन बंद होताच संपतात, अंगात काही उरत नाही. खुशाल मुलांना जवळ घ्या.

हृदयाची काळजी मात्र खोटी नाही. हृदयाला जितका डोस जास्त तितका पुढचा धोका जास्त, हे सिद्ध झालं आहे. म्हणूनच डाव्या बाजूच्या उपचारात बाईला खोल श्वास घेऊन रोखायला सांगतात. फुप्फुस फुगतं, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकतं आणि तेवढ्यात किरण देतात. आपल्या प्लॅनमध्ये हृदयाला किती डोस जातो, हे डॉक्टरांना जरूर विचारावं.

रेडिएशन टाळता येतं अशाही काही बायका आहेत: वय ६५ च्या पुढे, गाठ लहान, हार्मोन-पॉझिटिव्ह (म्हणजे शरीरातल्या हार्मोनवर वाढणारी), ग्रंथींत कॅन्सर नाही. प्राइम-२ अभ्यासात अशांपैकी रेडिएशन न घेतलेल्या ९.५ टक्के जणींत १० वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परतला, घेतलेल्या ०.९ टक्के जणींत. जगण्यात फरक पडला नाही. पण त्या सगळ्यांना हार्मोनचा परिणाम रोखणारी गोळी सुरू होती. ती नियमित घेणं जमणार नसेल, तर रेडिएशन सोडण्याआधी डॉक्टरांशी पुन्हा बोलावं.