खैरातीचा हिशेब: शंभर रुपयांतले अकरा पैसे

‘इथं शेतकरी गळफास घेतोय आणि दिल्ली भूतान-मालदीवला हजारो कोटींची खैरात वाटतेय. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं!’ हा मजकूर दर अर्थसंकल्पानंतर फिरतो. म्हणीतलं घोडं आपल्या दारी येतं, इथं ते आपणच धाडतोय, पण ते सोडा.

‘हजारो कोटी’ खोटं नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात परराष्ट्र खात्यानं इतर देशांच्या मदतीसाठी सुमारे ५,४८३ कोटी रुपये धरले होते. एकूण अर्थसंकल्प होता ५०.६५ लाख कोटींचा. शंभर रुपयांत जेमतेम अकरा पैसे. त्याच वर्षी पीएम-किसानची तरतूद ६३,५०० कोटी होती. म्हणजे परदेशी मदत पार बंद केली तरी त्यातून ही योजना महिनाभर चालेल. आणि शेतकऱ्याला फटका देणारी कांद्याची निर्यातबंदी २०२३ च्या डिसेंबरात आली ती दिल्लीहून, भूतानच्या राजधानीतून, थिंपूहून नव्हे.

थिंपूचंच बघू, कारण सर्वांत मोठा वाटा भूतानचा, २,१५० कोटी. चुखाचा ३३६ मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प भारतानं ६० टक्के अनुदान आणि ४० टक्के कर्ज देऊन उभा केला. पुढं ताला (१,०२० मेगावॉट) आणि मांगदेछू (७२०) झाले. यंत्रं भेल या आपल्याच सरकारी कंपनीची. पावसाळ्यात तिथल्या नद्या फुगतात, तेव्हा उरलेली वीज भारत विकत घेतो आणि त्याच कमाईतून भूतान कर्ज फेडतो. हिवाळ्यात पाणी आटलं की तोच भूतान आपल्याकडून वीज घेतो. शिवाय डोकलाम त्याच्याच अंगणात आहे, हे २०१७ मध्ये तिथं भारत-चीनचं सैन्य आमनेसामने आलं तेव्हा सगळ्यांना कळलं. खैरात म्हणायची तर फारच व्यवहारी खैरात.

मजकुरातला दुसरा आकडा मालदीवचा: ‘४,८५० कोटी फुकट’. जुलै २०२५ मध्ये जाहीर झालेली ही रक्कम कर्जाची आहे, ती परत यायची आहे. व्याज बाजारभावापेक्षा कमी असतं आणि त्या सवलतीचा भार आपल्या तिजोरीवर पडतो, एवढं खरं. अशी कर्जं सहसा केंद्र सरकारची एक्झिम बँक देते. तिचं मुख्यालय मुंबईत, कफ परेडला. पैसे परक्या सरकारच्या हाती पडत नाहीत. काम पुढं सरकेल तसं भारतीय कंपनीला मिळतात, आणि साधारणपणे ७५ टक्के माल व सेवा भारतातूनच घ्याव्या लागतात. घेणाऱ्या देशाला हे जाचतं, कारण स्वस्त देणारा दुसरा कुणी असला तरी त्याच्याकडं जाता येत नाही. त्यांनी कुरकुर केली तर ती रास्त. ‘पैसा देशाबाहेर गेला’ म्हणणाऱ्यानं कशाला करावी?

मॉरिशसची मेट्रो अशाच अनुदानातून आणि कर्जातून झाली. बांधली एल अँड टीनं, म्हणजे मुंबईच्याच कंपनीनं. उसाच्या मळ्यांसाठी मुंबई बंदरातून गेलेल्या मराठी गिरमिटियांची, म्हणजे करारावर नेलेल्या मजुरांची, पणतवंडं आज तिच्यातून फिरतात. हे आपलं जाता जाता.

‘आणि खाऊन उलटतात’ हा शेवटचा टोमणा. मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’ ही भारतविरोधी मोहीम गाजली, राष्ट्राध्यक्ष मुइझ्झूंनी भारतीय सैनिकांना परत पाठवलं. त्यानंतर परकी चलनाची चणचण भासली तेव्हा ऑक्टोबर २०२४ मध्ये ते दिल्लीला आले, आणि ४० कोटी डॉलर व ३,००० कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा, म्हणजे अडचणीत चलन उसनं मिळण्याचा, करार घेऊन गेले. कृतज्ञता असेल-नसेल, दार उघडं राहिलं.

अफगाणिस्तानपाशी मात्र मला या मजकुराशी फार भांडता येत नाही. झरंज ते देलाराम २१८ किलोमीटर रस्ता सीमा सडक संघटनेनं बांधला, आणि बांधताना आपली माणसं मारली गेली. काबूलची संसद, हेरातजवळचं सलमा धरण हेही आपणच बांधलं. २०२१ पासून हे सगळं तालिबानच्या ताब्यात आहे. त्या धरणाचं पाणी अजूनही हेरातच्या शेतांना मिळतं, पण ज्या सरकारशी मैत्री व्हावी म्हणून ते बांधलं, ते सरकार आता नाही.