साखळीचं दुसरं टोक

कुठलाही नियम वाचला की निवृत्त सरकारी माणसाला पहिला प्रश्न पडतो तो, याची अंमलबजावणी कोण करणार? माझी उभी हयात पाटबंधारे खात्यात गेल्यामुळे मला तो जरा जास्तच पडतो. कॅलिफोर्नियातल्या ज्या स्कायडायव्हिंग सेंटरवर सध्या माझे शनिवार-रविवार जातात, तिथल्या हँगरच्या दारावर एक पाटी होती. कुत्रा साखळीला हवा आणि साखळी माणसाच्या हातात हवी. वाचायला किती सोपं! पण इथं येणारा प्रत्येक माणूस विमानातून उडी मारायला आलेला असतो. साखळी हातात धरून विमानात चढता येत नाही. विमान वीस-बावीस जणांना घेऊन वर गेलं की त्यांतल्या कुत्रेवाल्यांच्या साखळ्यांची टोकं खाली मोकळी होतात. ती कुणाच्या हातात द्यायची, हे पाटीवर लिहिलेलं नव्हतं. त्याचं उत्तर हँगरबाहेरच्या सावलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर टोपी घालून बसलेलं असायचं. ते मी.

मुलीला हा नाद लागला तेव्हा आम्ही सांगलीत होतो, त्यामुळे विरोध फोनवरूनच करावा लागला. तिनं पुण्याच्या शीतल महाजनांचं नाव पुढं केलं. 2004 साली आयुष्यातली पहिलीच उडी थेट उत्तर ध्रुवावर, 2011 साली पद्मश्री, आणि 2018 साली थायलंडमध्ये चक्क नऊवारी नेसून उडी! आमच्या हिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी नऊवारी नेसायला शीक, मग मार." महिनाभरात नऊवारी नेसलेला फोटो आला. निऱ्यासुद्धा नीट होत्या. त्यानंतर या विषयावर बोलायला आम्हाला तोंड उरलं नाही.

मग आम्ही सहा महिन्यांच्या व्हिसावर आलो. मुलीचं घर बे एरियात, आणि हे सेंटर तिथून दोन तासांवर, बदामाच्या बागांच्या मधोमध. तिच्याकडे बंड्या नावाचा कुत्रा आहे. पुढून जर्मन शेफर्ड आणि मागून कोणीही. पहिल्या शनिवारी तिनं अंगावर पट्टे आवळले, हेल्मेट घेतलं आणि म्हणाली, "बाबा, बंड्याला जरा धरा. वीस-पंचवीस मिनिटांत आले." मी धरलं. मिरज जंक्शनवर एकदा कुणाच्या ट्रंकेवर लक्ष ठेवायला 'हो' म्हटलं की अख्खा फलाट आपापलं सामान आणून तुमच्यापुढं ठेवतो, तसंच इथं झालं. एका दाढीवाल्या तरुणानं काही न बोलता लॅब्राडोरची साखळी माझ्या हातात दिली. एका बाईंनी दोन डॅशहुंड दिले आणि त्यातला डावा चावतो असं सांगितलं. सावलीत पोचेपर्यंत डावे-उजवे बदललेले होते.

मुलीचे देशी मित्र मला 'काका' म्हणायचे. त्यामुळे दुपारपर्यंत मी सगळ्यांचाच 'काका' झालो. इथं विमानाचा लोड निघायच्या आधी लाऊडस्पीकरवरून वर्दी देतात: लोड सात, दहा मिनिटं. आता त्याच आवाजात "काका, मॅनिफेस्टपाशी या", म्हणजे उडीसाठी नाव नोंदवतात तिथं या, अशी वर्दी येते. याचा अर्थ एक नवीन कुत्रं आलेलं आहे.

घरची आघाडी वेगळीच. हिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं की ती तिकडं फिरकणार नाही, कारण तिला वर बघवत नाही. मी फक्त मुलगी उतरली की 'उतरली' असा निरोप टाकायचा. तेरा हजार फूट म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच. तिथून मिनिटभर ताशी दोनशेच्या जवळपास वेगानं नुसतं पडायचं, मग पॅराशूट उघडलं की पाचेक मिनिटं तरंगत यायचं. एवढ्या वेळात मला आकाशातल्या रंगीत ठिपक्यांमधून आपला ठिपका ओळखायचा असतो, दोन्ही हातांत साखळ्या असतात आणि खिशात फोन. एकदा टाइप करणं अशक्य होतं म्हणून मी आवाजाचा निरोप पाठवायला बटण दाबलं, आणि त्याच क्षणी लॅब्राडोरला ससा दिसला. सांगलीच्या बाईला तिच्या लेकीच्या उडीबद्दल मिळालेला निरोप असा होता: "अरे, अरे, ओढू नको! तुटेल! गेली... पडली, पडली!" पडली होती ती खुर्ची. पण पुढचा पाऊण तास माझा फोन जो वाजत राहिला, त्याचं वर्णन इथं नको.

तरीही लोक कुत्री आणतात कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं. उडी दीड तासाची कटकट असती तर कुणी आणली नसती. पण हे दिवसभराचं काम आहे. सकाळी आठला यायचं, वारा जास्त म्हणून थांबायचं, वारा पडला की ढग आले म्हणून थांबायचं, मग अचानक पळायचं. कुत्र्याला एकटं घरी ठेवलं तर संध्याकाळपर्यंत सोफ्याचा कापूस. गाडीत ठेवलं तर कॅलिफोर्नियात तो गुन्हा आहे: तापलेल्या बंद गाडीत प्राणी कोंडला तर दंड होतो आणि लोक काचही फोडतात. म्हणजे एकाच घरात कुत्रा आणि पॅराशूट असेल तर दोघांनाही एकत्र आणण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि कुत्री नकोत म्हणणाऱ्यांचं म्हणणं तर मला पहिल्या तासातच पटलं होतं. इथलं ट्विन ऑटर विमान माणसं चढताना इंजिन बंद करत नाही. फिरणारा पंखा डोळ्यांना दिसत नाही, नुसती हवेची भिंगरी दिसते. माणसाला शिकवता येतं की शेपटीकडून जा, पंख्याकडून नको. बंड्याला 'बस' शिकवायला मुलीला वर्ष लागलं, आणि तेही बिस्कीट दिसल्याशिवाय तो बसत नाही.

मग पॅकिंगचा प्रकार. पॅराशूटची घडी घालताना सतरंजीवर भलंमोठं रेशमासारखं नायलॉन पसरतात, त्याच्या दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ करतात, आणि आतली हवा काढायला पॅकर त्या गोळ्यावर चक्क आडवा पडतो. माणसासाठी ते कौशल्याचं काम आहे. कुत्र्याच्या नजरेनं ती उघड आमंत्रणपत्रिका आहे: मालक गोधडीवर लोळतोय, या, तुम्हीही या. बंड्यानं हे आमंत्रण एकदा स्वीकारलं. ज्याच्यावर तो लोळला ते पॅराशूट आमच्या पहिल्या मारुतीपेक्षा महाग होतं. त्यात शेतातले सराटे त्याच्या पंज्यांत रुतलेले. कापड फाटलं नाही, पण त्या तरुणानं बोटांनी इंच इंच चाचपून पाहिलं, आणि तो जितका वेळ चाचपत होता तितका वेळ मी त्याच्याकडं पाहून हसत होतो. हसण्याखेरीज सगळ्या जगात चालणारी दुसरी भाषा मला येत नाही.

इथं एक रिगरबाई आहेत. मुख्य पॅराशूटची घडी कुणीही शिकलेला घालू शकतो, पण आणीबाणीसाठी पाठीवर जे दुसरं, राखीव असतं, ते दर 180 दिवसांनी उघडून पुन्हा बांधायला सरकारी परवाना असलेला रिगरच लागतो. कागदपत्र, सही, शिक्का, सगळं. त्या बाईंना पाहून मला खात्यातल्या आमच्या लेखापालबाई आठवायच्या, त्यामुळे आमचं लगेच जमलं. त्या कुत्रेबंदीच्या बाजूच्या. त्यांचा स्वतःचा शेफर्ड मात्र त्यांच्या टेबलाखाली झोपलेला असतो. "तो कुत्रा नाही, कर्मचारी आहे," असं त्या म्हणतात. हा युक्तिवाद मी सरकारी नोकरीत फार ऐकलेला आहे.

प्रश्न सभेपर्यंत गेला तो चावऱ्या डॅशहुंडामुळं. टँडम म्हणजे शिक्षकाच्या पोटाला पाहुणा बांधून मारायची उडी. उतरताना पाहुण्यानं पाय समोर उचलायचे आणि बैठकीवर घसरत यायचं. त्या दिवशी एक वाढदिवसाचे आजोबा तसे पाय उचलून येत होते, आणि माझ्या हातातून निसटलेला डॅशहुंड त्यांचे बूट स्वागताला पकडायला निघाला. सगळं निभावलं. कुत्र्यानं फक्त नाडी सोडवली. आजोबा तर म्हणाले की पॅकेजमध्ये हे धरलेलं असेल असं त्यांना वाटलं. पण त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं सराईत मंडळींपैकी एकजण पॅराशूटनं जमिनीलगत मोटारसायकलच्या वेगानं सूं करत येत होता. कुत्रं पन्नास पावलं डावीकडं गेलं असतं तर दोघांचंही काही खरं नव्हतं. हे मला नंतर सांगितलं, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी शेकोटीभोवती सभा बसली. कुत्र्यांची बाजू एका वयस्कर माजी पॅराट्रूपरनं मांडली, आणि ती थेट इतिहासातून. म्हणाले, 1783 साली लनॉर्मां नावाच्या फ्रेंच माणसानं मनोऱ्यावरून पॅराशूट घेऊन उडी मारली हे ठीक. पण 1785 साली ब्लँशारनं बलूनमधून पॅराशूटला बांधून सोडला तो कुत्रा होता. बलूनमधून पॅराशूटनं उतरणारा पहिला माणूस, गार्नरँ, त्यानंतर बारा वर्षांनी. म्हणजे या धंद्यात कुत्रा आपल्याला सीनियर आहे. ब्लँशार स्वतः उडी न मारता कुत्र्याला पाठवतो, यावरून त्या सगळ्या फ्रेंचांत डोकं त्यालाच होतं असं माझं मत झालं. पण मी गप्प राहिलो.

मग ते दुसऱ्या महायुद्धावर आले. ब्रिटिशांच्या 13 व्या पॅराशूट बटालियनमधला बिंग नावाचा कुत्रा 6 जून 1944 ला नॉर्मंडीत उतरला. उतरला म्हणजे झाडात अडकला. पण पुढं 1947 साली त्याला प्राण्यांसाठीचं डिकिन पदक मिळालं. त्या कुत्र्यांना उडी शिकवायची रीत अशी की त्यांना उपाशी ठेवायचं, सोबतच्या जवानानं खिशात मटण ठेवायचं आणि पुढं उडी मारायची; मागून कुत्रा येतोच. चांगल्या चालत्या विमानातून कुणी बाहेर का पडतं, याचं मला मनापासून पटलेलं हे एकमेव कारण. शेवटी त्यांनी याच कॅलिफोर्नियात लेक एल्सिनोरवर 1997 साली 4,572 मीटरवरून मालकाच्या छातीशी बांधून उडी घेतलेल्या ब्रूटस या डॅशहुंडाचं नाव घेतलं. डॅशहुंड म्हटल्याबरोबर सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

रिगरबाईंनी एकच प्रश्न विचारला: ब्रूटस, बिंग आणि ब्लँशारचा कुत्रा विमानात किंवा बलूनमध्ये होते. इथली कुत्री जमिनीवर असतात. मग ती कोण धरणार?

सभेत शांतता पसरली. मला आत कुठंतरी धन्य वाटलं. आयुष्यभर बैठकांमध्ये मी हाच प्रश्न विचारला आणि दर वेळी इतिवृत्तातून तो गाळला गेला.

कुणीतरी म्हणालं, काकांना विचारा. मी रात्री बसून रीतसर टिपणी लिहिली होती. प्रस्ताव असा: विमानतळाच्या बाजूला पक्कं कुंपण घालावं, सावली आणि पाणी ठेवावं, ज्याच्या कुत्र्याला धरायला माणूस नसेल त्यानं कुत्रं त्या कुंपणात ठेवावं, न ठेवल्यास त्याचं नाव लोडमधून वगळावं. कुत्र्यांना मनाई नको, असंही लिहिलं. कारण एक गोष्ट मी एवढ्या शनिवारांत पाहिली आहे. खाली बांधलेलं एकही कुत्रं आकाशाकडं बघत नाही. बंड्या ज्या वाटेनं मुलगी विमानाकडं गेली त्या वाटेकडं तोंड करून बसतो. ती दर वेळी मागच्या शेतातून पॅराशूटचं गाठोडं उराशी धरून येते, आणि दर वेळी त्याला वाटतं की चमत्कार झाला. हा आनंद बघायची मला सवय झालेली आहे. टिपणीत अर्थात हे लिहिलं नाही. टिपणीत 'मानवी संसाधनांचा इष्टतम वापर' असं लिहिलं.

मुलीनं भाषांतर करून वाचून दाखवलं. टाळ्या वाजल्या. कुंपणाला पैसे लागतात, त्यामुळे तो भाग पुढच्या वर्षावर गेला, आणि उरलेला मंजूर झाला. पुढच्या शनिवारी हँगरवर नवी पाटी होती: "काका हजर असतील त्याच दिवशी कुत्र्यांना प्रवेश."

मला घाम फुटला. मी पर्यटक व्हिसावर आहे. या व्हिसावर काम करायला बंदी आहे, आणि इथं माझं पद दारावर ठळक अक्षरात लागलेलं. उद्या विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं तर? त्यात दर दुपारी लोक मला बरिटो आणून देतात. तो मोबदला धरला जाईल का? मी मुलीला घेऊन व्यवस्थापकाकडं गेलो आणि स्पष्ट सांगितलं की माझा इथल्या सेवेशी काही संबंध नाही.

तो हसला. म्हणाला, मोबदल्याचा प्रश्नच नाही, उलट देणं तुमच्याकडंच निघतं. स्कायडायव्हर लोकांचा एक जुना रिवाज आहे: इथं जो कुणी एखादी गोष्ट आयुष्यात पहिल्यांदा करतो, त्यानं सगळ्यांना बिअरचा एक खोका द्यायचा. काकांनी गेल्या रविवारी एकाच वेळी पाच कुत्री धरली. पहिल्यांदाच. झालंच तर त्याआधी चार, त्याआधी तीन. हिशेब त्यानं फळ्यावर मांडून ठेवला होता.

म्हणजे ही नोकरी नाही, हे सिद्ध झालं. नोकरीत पैसे मिळतात. मी निर्धास्त होऊन पाकीट काढलं. बिअरचे खोके गाडीत चढवायला मात्र दोन्ही हात लागतात, म्हणून साखळ्या तेवढ्यापुरत्या मी व्यवस्थापकाच्या हातात दिल्या आणि डावा कुठला ते सांगितलं नाही.